सटवाईचा लेख

मूल जन्मास आलें कीं पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा करण्याचा प्रघात महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या रात्रीं पाटापाशीं कोरा कागद व लेखणी ठेवतात. घरांतील माणसें निजलीं म्हणजे सटवाई येते आणि बाळाच्या ललाटीं त्याचें पुढचें सारें आयुष्य लिहून जाते, अशी समजूत. सकाळीं पाहावें तों कागद कोराच असतो. आणि तो कोरा राहिला म्हणून कोणा आजीबाईनें खेद केल्याचें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. लेख आहे, पण तो वाचावयाचा नाहीं, या व्यवस्थेंत आमच्या वाडवडिलांस कांहीं तरी सोय वाटत असली पाहिजे.

गेल्या चाळीस वर्षांत ही व्यवस्था अंशतः मोडली आहे. मनुष्याच्या पेशींत डीएनए नांवाचें जें द्रव्य असतें, त्यांतील अक्षरें वाचण्याची विद्या साध्य झाली आणि त्या लेखांतील एखाद-दुसरी ओळ तरी थोड्याशा रक्तावरून, किंबहुना नुसत्या लाळेवरूनहि, वाचतां येऊं लागली. पुढें आपणांस अमुक रोग होईल काय, या प्रश्नाला कांहीं बाबतींत आज उत्तर मिळूं शकतें. मात्र तें ऐकावें काय, हा प्रश्न त्याहून जुना असून अधिक अवघड आहे. आम्ही वैद्य नव्हों, इतिहासाचे शिक्षक आहों. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही एका रोगाच्या इतिहासावरून करूं इच्छितों. त्या रोगाच्या बाबतींत हा प्रश्न प्रथम आणि अत्यंत निकराच्या स्वरूपांत उभा राहिला.

अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड नांवाचें एक लांबट बेट आहे. त्याच्या पूर्वभागीं ईस्ट हॅम्प्टन हें गांव. तेथें हंटिंग्टन घराण्याची वैद्यकी आजोबांपासून चालत आलेली होती. नातू जॉर्ज हा १८५० सालीं जन्मला. लहानपणीं वडिलांबरोबर रोग्यांच्या भेटीस जात असतां झाडींतल्या एका रस्त्यावर त्याला दोन स्त्रिया दिसल्या. त्या मायलेकी होत्या. दोघीहि उंच, अतिशय कृश, अंग वेडेंवांकडें मुरडीत व तोंड वेंगाडीत चाललेल्या. मुलगा भ्याला. वडिलांनीं घोडागाडी थांबवून त्यांची विचारपूस केली आणि ते पुढें निघाले. पण त्या दोन मूर्ति मुलाच्या मनांतून गेल्या नाहींत.

जॉर्ज हंटिंग्टन पुढें वैद्य झाले आणि १५ फेब्रुवारी १८७२ रोजीं ओहायो राज्यांतील मिडलपोर्ट येथें वैद्यांच्या सभेपुढें त्यांनीं एक निबंध वाचला. तेव्हां त्यांचें वय अवघें २१ होतें. निबंधाचा विषय कोरिया हा विकार. या मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थ नृत्य. हातपाय आपोआप नाचावे तसे हालत राहणें हें त्या विकाराचें लक्षण. निबंधाचा बहुतेक भाग लहान मुलांना होणाऱ्या सामान्य कोरियाबद्दल आहे. शेवटीं मात्र, एक नवल म्हणून सांगावें अशा रीतीनें, आपल्या गांवीं पाहिलेल्या एका निराळ्या प्रकाराचें वर्णन त्यांनीं केलें. त्याचीं तीन लक्षणें त्यांनीं सांगितलीं: हा रोग आनुवंशिक आहे, यांत बुद्धिभ्रंशाकडे व आत्महत्येकडे प्रवृत्ति होते, आणि तो प्रौढ वयांतच प्रगट होतो. आईबापांपैकीं एकास तो असला तर मुलांपैकीं कित्येकांस होतो. पण जें मूल त्यांतून सुटलें, त्याच्या वंशांत तो पुन्हां उद्भवत नाहीं, धागा तेथेंच तुटतो, हें त्यांचें निरीक्षण.

मेंडेलनें आपले वाटाण्यांवरील प्रयोग १८६६ सालींच प्रसिद्ध केले होते; पण त्यांकडे जगाचें लक्ष १९०० पर्यंत गेलेंच नाहीं. तेव्हां हंटिंग्टन यांस आनुवंशाचे नियम ठाऊक असण्याचा संभव नव्हता. मग इतकें बिनचूक निदान त्यांस कसें करतां आलें? उत्तर सोपें आहे. आजोबा, वडील व नातू अशा तीन पिढ्यांनीं एकाच गांवांतलीं तींच कुळें पाहिलीं होतीं. जो रोग एका पिढींतून दुसरींत उतरावयास तीस-चाळीस वर्षें घेतो, तो ओळखावयास एका वैद्याचें आयुष्य पुरत नाहीं. आमच्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत लिहिण्याची चाल आहे. त्यांत मुंज, लग्न, वतन, नोकरी यांची नोंद असते. कोण कशानें गेला, याची नोंद क्वचितच आढळते. ती असती तर कोणास ठाऊक, किती धागे हातीं लागले असते!

मेंडेलचे नियम १९०० नंतर सर्वमान्य होऊं लागले तेव्हां या रोगाचा हिशेबहि कळला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांपाशीं असतात. एक आईकडून, एक बापाकडून. या रोगांत दोहोंपैकीं एक प्रत बिघडलेली असली तरी पुरे होतें. म्हणून रोगी मनुष्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता बरोबर निम्मी असते. हा निम्मा हिशेब प्रत्येक मुलाचा स्वतंत्र असतो. थोरल्यास झाला म्हणून धाकटा सुटला, असें यांत मुळींच नाहीं.

पण हें ज्ञान हातीं येतांच त्याचा पहिला उपयोग कोणीं केला, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें विसरतां कामा नये. चार्ल्स डॅव्हेनपोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१६ सालीं या रोगाच्या ९०० हून अधिक रोग्यांच्या वंशावळी तपासून एक प्रबंध प्रसिद्ध केला. रोग्यांच्या शुश्रूषेपेक्षां, असल्या कुळांची वाढ कशी थांबवावी, याचीच चिंता त्यांत अधिक होती. पुढें जर्मनींत हिटलर अधिकारारूढ झाल्यावर जुलै १९३३ मध्यें सक्तीनें निर्बीजीकरण करण्याचा कायदा झाला, त्यांतील रोगांच्या यादींत हंटिंग्टनचा रोग नांवानिशीं होता. त्या कायद्याखालीं सर्व मिळून सुमारें ४ लक्ष स्त्रीपुरुषांवर शस्त्रक्रिया करण्यांत आल्या. वंशावळ एकदां सरकारच्या दप्तरांत गेली म्हणजे तिचें काय होऊं शकतें, तें यावरून दिसतें. अशा काळांत या घराण्यांनीं आपला रोग लपविला, तो दारूच्या किंवा वेडाच्या नांवावर खपविला, यांत नवल तें काय?

लॉस एंजेलिस शहरांत १९६८ सालीं लिओनोर वेक्सलर नांवाची पन्नाशी उलटलेली एक सुविद्य स्त्री सकाळच्या वेळीं रस्ता ओलांडीत होती. तिची चाल पाहून पोलिसानें तिला हटकलें: इतक्या सकाळीं दारू प्यायलीस, लाज नाहीं वाटत? बाईंनीं दारूस स्पर्शहि केला नव्हता. त्या प्राणिशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांचे वडील हंटिंग्टनच्या रोगानें गेले होते आणि तिघां भावांसहि तोच रोग झाला होता. हा रोग पुरुषांसच होतो, अशी त्या घरांत एके काळीं समजूत होती. त्याच वर्षीं डॉक्टरांनीं रोगाचें नांव सांगितलें. पूर्वीं विभक्त झालेले त्यांचे पति मिल्टन वेक्सलर हे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनीं अॅलिस व नॅन्सी या आपल्या दोन तरुण मुलींस बोलावून आईच्या रोगाचें नांव सांगितलें, आणि तुम्हां प्रत्येकीस तो होण्याची शक्यता निम्मी आहे, हेंहि सांगितलें. आम्हीं हा प्रसंग वाचला तेव्हां त्या पित्याच्या जागीं क्षणभर स्वतःस कल्पून पाहिलें. आणि आमच्या तोंडून तीं वाक्यें निघालीं असतीं काय, याची आम्हांस खात्री वाटेना.

मिल्टन यांनीं लगोलग आनुवंशिक रोगांच्या संशोधनासाठीं एक संस्था उभी केली. धाकटी नॅन्सी मानसशास्त्र शिकत होती. तिनें आपलें आयुष्यच या कामीं वाहिलें. ओहायो राज्यांत १९७२ सालीं हंटिंग्टन यांच्या निबंधाची शताब्दि साजरी झाली, तेव्हां व्हेनेझुएलांतील एका डॉक्टरांनीं एक चित्रपट दाखविला. माराकायबो सरोवराच्या कांठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत या रोगाचे रोगी इतके होते, कीं रस्त्यांतून चालतांना ते ठायीं ठायीं दिसत. त्याच देशांतील डॉ. अमेरिको नेग्रेटे यांनीं १९५५ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध केली होती, पण बाहेरच्या जगानें तिची दखल घेतली नव्हती. तेथील लोक या रोगास नुसतें ‘एल माल’, म्हणजे ‘ती पीडा’, असें म्हणत.

नॅन्सीबाई १९७९ सालीं तेथें प्रथम गेल्या व १९८१ पासून वर्षानुवर्षें जात राहिल्या. पाण्यांत खांब रोवून बांधलेल्या झोंपड्यांत बसून त्यांनीं वंशावळी लिहून घेतल्या व रक्ताचे नमुने गोळा केले. ही परकी बाई आमचें रक्त कां नेते, हा लोकांचा प्रश्न साहजिक होता. माझ्याहि घरांत हाच रोग आहे, असें त्या सांगत, तें कोणास खरें वाटेना. तेव्हां त्यांनीं स्वतःच्या कातडीचा नमुना दिला होता त्याचा दंडावरील व्रण लोकांस दाखविण्यांत आला, आणि मग लोकांचा विश्वास बसला. अखेर त्या वंशावळींत १८,००० हून अधिक माणसें आलीं, आणि रक्ताचे नमुने ४,००० हून अधिक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेली मारिया कॉन्सेप्सिओन नांवाची एक स्त्री या विस्ताराची मूळ पूर्वज ठरली. ईस्ट हॅम्प्टनला तीन पिढ्यांच्या वैद्यांनीं जें केलें, तेंच येथें मोठ्या प्रमाणावर झालें.

तें रक्त बोस्टन येथें जेम्स गुझेला या तरुण शास्त्रज्ञाकडे जाई. सगळ्या डीएनएमधून एक जनुक हुडकणें म्हणजे पत्त्यावांचून घर शोधण्यासारखें होतें; कित्येकांनीं हें काम अर्धशतकाचें ठरविलें होतें. पण लौकरच यश आलें. रोग्यांमध्यें रोगाबरोबरच वारशानें उतरणारी एक खूण चौथ्या गुणसूत्रावर सांपडली आणि नोव्हेंबर १९८३ मध्यें तो शोध प्रसिद्ध झाला. घराची गल्ली सांपडली. खुद्द घर सांपडावयास मात्र आणखी दहा वर्षें लागलीं. सहा संशोधक-गटांतील ५८ जणांच्या नांवानें मार्च १९९३ मध्यें तें जनुक जाहीर झालें.

त्यांतील दोष विलक्षण साधा निघाला. डीएनएच्या लिपींत चारच अक्षरें आहेत. या जनुकाच्या आरंभाजवळ सी-ए-जी हीं तीन अक्षरें लागोपाठ अनेक वेळां येतात, जपमाळेंत एकच नाम पुन्हां पुन्हां यावें तशीं. हीं आवर्तनें २६ पर्यंत असलीं तर भय नाहीं. ४० किंवा अधिक झालीं तर सामान्य आयुर्मर्यादेंत रोग होणारच. ३६ ते ३९ असलीं तर होईल किंवा टळेलहि. २७ ते ३५ असणाऱ्यास स्वतःस रोग होत नाहीं, पण पुढच्या पिढींत आवर्तनें वाढण्याचा संभव असतो. विशेषतः बापाकडून उतरतांना तीं वाढतात. आवर्तनें जितकीं अधिक तितका रोग लौकर, असें स्थूलमानानें म्हणतां येतें. पण रोग कोणत्या वर्षीं सुरू होईल, हें त्या संख्येवरून नक्की सांगतां येत नाहीं. म्हणजे लेख वाचला तरी तिथि वाचतां येत नाहीं. आणि रोग मुळापासून थांबविणारें सिद्ध औषधहि नाहीं.

खुणेवरून करावयाची चाचणी १९८६ सालापासून सुरू झाली. चाचणी निघण्यापूर्वीं विचारलें तेव्हां, अशा कुळांतील बहुतेक लोकांनीं ती आम्ही करून घेऊं असें सांगितलें होतें. प्रत्यक्षांत चाचणी आली तेव्हां पुढें झालेले लोक पांचांत एकाहूनहि कमी भरले. हे लोक भित्रे होते, असें आम्ही म्हणणार नाहीं. उपाय नसलेल्या गोष्टीचें निश्चित ज्ञान हें एक ओझें आहे, आणि तें उचलावें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. या जाणिवेनेंच चाचणीचे नियम घालण्यांत आले. अगोदर सल्लागारांशीं बोलणें, विचारास अवधि, अल्पवयीन मुलांची चाचणी न करणें, आणि रक्त दिल्यावरहि निकाल न ऐकतां परत जाण्याची मोकळीक. कॅनडांतील एका अभ्यासांत असें आढळलें कीं, वर्षभरानंतर वाईट निकाल ऐकलेल्यांपैकीं कित्येकांचें मन अनिश्चितींत राहिलेल्यांपेक्षां स्थिर झालें होतें. आणि चांगला निकाल मिळालेल्यांपैकींहि कांहींजण अस्वस्थ झाले. सगळें आयुष्य ज्या मरणाच्या हिशेबानें आंखलें, तें मरण येणार नाहीं असें कळल्यावर पुढें काय करावें, हें त्यांस सुचेना!

शिवाय हा लेख एकट्याचा कधींच नसतो. समजा, आजोबांस रोग होता, वडिलांनीं चाचणी करून घ्यावयाचें नाहीं असें ठरविलें, आणि नातवानें ती करून घेतली. नातवाच्या रक्तांत दोष निघाला, म्हणजे वडिलांचाहि निकाल, त्यांनीं न मागतां, लागलाच. मुलाचा जाणण्याचा हक्क खरा, आणि बापाचा न जाणण्याचा हक्कहि तितकाच खरा. एका घरांत दोन्ही कसे नांदवावे, याचें उत्तर कोणत्याहि प्रयोगशाळेंत मिळत नाहीं.

खुद्द वेक्सलर कुटुंबानें काय केलें? ज्यांच्या खटपटीनें ही चाचणी शक्य झाली, त्या बहिणींनीं ती करून घेतली नाहीं. नॅन्सीबाईंनीं मार्च २०२० मध्यें, वयाच्या ७४ व्या वर्षीं, आपणांस तोच रोग झाला आहे असें जगजाहीर केलें. चाल व बोलणें पाहून जवळच्यांनीं तें केव्हांच ओळखलें होतें.

आतां दुसरी बाजू पाहूं. सर्वच लेख असे निरुपाय नसतात. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्यांनीं १८६६ सालीं आपल्या पत्नीच्या कुळांत पिढ्यान्‌पिढ्या स्तनाचा कर्करोग होत असल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. तें कोडें उलगडावयास शतकाहून अधिक काळ लागला. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषींनीं १९९० सालीं अशा कुळांतील रोगाचें जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचें दाखविलें. १९९४ सालीं तें ‘बीआरसीए-१’ हातीं आलें व १९९५ सालीं त्याचें दुसरें भावंड. सामान्यतः अमेरिकेंतील शंभर स्त्रियांपैकीं बारा-तेरा जणींस आयुष्यांत केव्हां तरी हा रोग होतो. पहिल्या जनुकांत दोष असलेल्या शंभर जणींपैकीं सुमारें ५५ ते ७२ जणींस तो होतो. पण येथें करण्याजोगें पुष्कळ आहे. लहान वयापासून वरचेवर तपासणी करतां येते, औषधें घेतां येतात, अवयव आधींच काढून टाकतां येतात. अॅंजेलिना जोली या नटीनें मे २०१३ मध्यें, आईला ५६ व्या वर्षीं कर्करोगानें मरण आलेलें पाहून, आपण ही शस्त्रक्रिया करून घेतल्याचें जाहीर केलें. पुढच्याच महिन्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, निसर्गतः असलेल्या जनुकावर कोणत्याहि कंपनीस मालकी सांगतां येणार नाहीं, असा एकमतानें निर्णय दिला.

तथापि येथेंहि वाचनांत घोटाळा होण्याचा संभव असतो. अमेरिकेंत २०१८ सालीं एका कंपनीस, घरबसल्या लाळेवरून या दोन जनुकांतील तीन दोष सांगण्याची परवानगी मिळाली. ते तीन दोष मुख्यतः पूर्व युरोपीय यहुदी कुळांत आढळणारे आहेत. ज्ञात दोषांची एकंदर संख्या हजाराहून अधिक आहे. तेव्हां हे तीन नाहींत एवढ्यावरून निर्धास्त झालेली स्त्री फसण्याचा संभव मोठा. शिवाय स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत पांच ते दहांचाच रोग असा वारशानें आलेला असतो.

आमच्या दाराशींहि हा प्रश्न येऊन ठेपला आहे. विदर्भांत व अनेक आदिवासी भागांत सिकलसेलचा रोग आढळतो. त्याची एकच सदोष प्रत असलेला मनुष्य बहुधा निरोगी असतो. पण नवराबायको दोघेंहि तसेच वाहक असले तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चौथाई असते. हा रोग हटविण्याची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहाडोल येथें सुरू झाली. तपासणी झालेल्यांस पत्रक मिळतें, आणि विवाहापूर्वीं दोघांचीं पत्रकें ताडून पाहावीं असें सांगण्यांत येतें. हें सर्वथा हितावह आहे. परंतु ज्या समाजांत जन्मपत्रिकेंतील मंगळावरून मुलीचें लग्न मोडतें, तेथें या नव्या पत्रिकेवरून निरोगी मुलीस ‘सदोष’ म्हणून परत पाठविणारे निघणार नाहींत, अशी हमी कोण देईल? विम्याच्या बाबतींत अमेरिकेनें २००८ सालीं कायदा करून आरोग्यविम्यापुरता हा भेद निषिद्ध ठरविला, आयुर्विमा मात्र मोकळा राहिला. आमच्याकडे दिल्लीच्या उच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें, आनुवंशिक म्हणून सरसकट रोग आरोग्यविम्यांतून वगळणें हा भेदभाव होय, असा निर्णय दिला. विद्या पुढें गेली आहे; तिच्या मागून न्यायानें आणि घरच्या शहाणपणानें पाऊल टाकावयाचें आहे.

मग ऐकावें कीं ऐकूं नये? आम्हांस येथें सावित्रीची आठवण होते. सत्यवान एका वर्षानें मरणार, हें नारदानें तिला विवाहापूर्वींच सांगितलें होतें. बाप म्हणाला, दुसरा वर पाहा. ती म्हणाली, एकदां वरिलें तें वरिलें. आमच्या वायका वडाला फेऱ्या घालतांना तिच्या निष्ठेचें स्मरण करतात, तें योग्यच आहे. पण आणखी एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. तें वर्षभर ही गोष्ट सासरीं एकटी सावित्री जाणत होती. सत्यवान लांकडें तोडावयास निघाला तो निश्चिंत मनानें. ज्याला कांहीं करतां येत होतें त्याच्याच वाट्यास ज्ञान आलें, आणि ज्याला येत नव्हतें त्याला तें सांगितलें गेलें नाहीं.

आमच्यापुरतें आम्हीं असें ठरविलें आहे कीं, ज्या लेखावर उपाय आहे तो वाचावा, आणि जाणत्या वैद्याच्या शेजारीं बसून वाचावा. ज्यावर उपाय नाहीं तो वाचावयाचा किंवा न वाचावयाचा, हें ज्याच्या ललाटीं तो लिहिला असेल त्यानें ठरवावें. नातलगांनीं, विमेवाल्यांनीं किंवा सरकारनें नव्हे. दुसऱ्या कोणी याहून वेगळें ठरविलें तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं. वाचकांस मात्र एक विनंति आहे. ज्यांच्या घरीं अजून आजी-आजोबा आहेत, त्यांनीं एका संध्याकाळीं त्यांच्यापाशीं बसून कोण कोणत्या वयांत आणि कशानें गेलें, हें विचारून घ्यावें आणि तें लिहून ठेवावें. सटवाईपुढें ठेवलेल्या कागदावर तेवढें तरी आपल्यास लिहितां येण्यासारखें आहे.